सांधे कोणी भरायचे

बोईसरला आमचं घर उभं राहत होतं तेव्हा मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषधांच्या कंपनीत तपासनीस होते. गोळ्यांच्या पट्ट्या उजेडाच्या काचेवरून सरकत यायच्या. एखाद्या पट्टीत गोळी कमी असली, कोपरा तुटलेला असला, कागद नीट चिकटलेला नसला की ती पट्टी बाजूला काढायची, एवढंच काम. दिवसभर शंका घ्यायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. ही सवय संध्याकाळी खुंटीला टांगून घरी येता येत नसे. दूध हातात घेतलं की ते पातळ वाटायचं, भाजीवालीचं वजन हलकं वाटायचं. आमचे मिस्टर हसायचे. ते दुसऱ्या एका कारखान्यात पाळीवर जात. स्वभावाने इतके सरळ, की रिक्षावाला सांगेल तो रस्ता त्यांना जवळचा वाटायचा.

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं होती. सिमेंट परमिटवर मिळायचं आणि परमिटसाठी पालघरला खेटे घालावे लागायचे. नवापूर रस्त्याला आम्ही छोटा प्लॉट घेतला होता. तीन खोल्या बांधायच्या असं ठरलं. भिंती उभ्या राहिल्या आणि छताचा प्रश्न आला. जागेवर स्लॅब ओतायचा तर सिमेंट जास्त लागणार, सेंट्रिंगच्या फळ्या आणि बांबू लागणार. मिस्टरांच्या कंपनीने कामगारांसाठी चाळ बांधली होती, तिचं छत काँक्रीटच्या तयार फळ्यांचं होतं. या फळ्या कारखान्यात ओतून, वाळवून आणतात, तुळयांवर शेजारी शेजारी मांडतात आणि वरून पातळ कोबा घालतात. चार दिवसांत छत होतं. मिस्टर ते बघून आले आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

मला शंका होती. एकसंध छत ते एकसंध, आणि तुकडे जोडून केलेलं ते तुकड्यांचंच. पण सिमेंटच्या गोणी मोजल्यावर मीही हो म्हटलं.

फळ्या बनवणारा माणूस वसाहतीच्या मागे एका मोकळ्या जागेत काम करायचा. मूळचा उत्तरेकडचा, बोलणं गोड, खिशात कायम दोन पेनं. त्याची माणसं ट्रकमधून फळ्या घेऊन आली आणि दोरांनी चढवून, तुळयांवर टेकवून, वर कोबा घालून गेली. बोलल्याप्रमाणे चार दिवसांत छत झालं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कंपनीतून परस्पर तिकडे गेले. आत उभी राहून वर बघितलं. छताला रेघा होत्या. वहीच्या पानासारख्या, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. दोन फळ्यांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट. पुढच्या खोलीत मी विटांच्या ढिगावर चढून एका फटीत बोट घातलं. ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फळीवाल्याला गाठलं. हे सांधे असे उघडे का, आणि ओले का, असं विचारलं. तो म्हणाला की वरून सगळे भरले आहेत. नवा माल आहे, थोडा घाम येतो, सुकेल. आणि खालून?

"नीचे का फिनिशिंग मिस्त्री का काम है, बहनजी," तो म्हणाला. "हमारा काम ऊपर तक."

मिस्त्री म्हणजे आमचा गवंडी. हा मुरब्याचा, किनाऱ्यावरच्या गावातला. घरी पिढीजात होडी होती, पण समुद्रात गेलं की याला उलट्या व्हायच्या, म्हणून लहानपणीच थापी हातात घेतली होती. पन्नाशीच्या आतला, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या भिंती ओळंब्यात सरळ असत, यावर सगळ्या बोईसरचं एकमत होतं. मी त्याला सांध्यांचं विचारलं तेव्हा त्याने वर बघितलंसुद्धा नाही.

"तो काम माझा नाय, वहिनी," तो म्हणाला. "भिंत माझी, गिलावा माझा. छत ज्यानं आणला त्यानं जोडायचा. मी खालून भरला आन् उद्या तडा गेला तर तुमी माझी मान धरशाल."

दोघांशी केलेले कागद मी काढून वाचले. फळीवाल्याच्या कागदावर होतं: फळ्या बसवून वर कोबा करून देणे. गवंड्याच्या कागदावर होतं: भिंती, आतून-बाहेरून गिलावा, फरशी. छताच्या खालच्या अंगाचा कुठेच उल्लेख नव्हता. कागद मिस्टरांनी लिहिले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, होईल गं, एवढ्याशा फटी, कोणीतरी भरेलच.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी दोघांना एकाच वेळी बांधकामावर बोलावलं. चहा केला. मला वाटलं होतं समोरासमोर निकाल लागेल. दोघंही एकमेकांशी फार अदबीने बोलले. फळीवाला म्हणाला, मिस्त्री जुना जाणता माणूस आहे, त्याच्या हाताला शोभेल असं काम आहे. गवंडी म्हणाला, शेठचा माल आहे, मालाची नस शेठलाच ठाऊक. चहा संपला आणि दोघं उठले. फळीवाला मला फाटकापाशी बाजूला घेऊन म्हणाला की जरा सिमेंटवर लक्ष ठेवा, हे मिस्त्री लोक गिलाव्यात रेतीच जास्त घालतात. तो गेल्यावर गवंडी आत आला. विटांच्या ढिगावर चढून, थापी उलटी धरून त्याने तिच्या मुठीने छताच्या एका फळीवर ठोकलं, दुसरीवर ठोकलं, आणि मला विचारलं, आवाजात फरक कळतो का. मला कळला नाही, पण कळल्यासारखा वाटला. तो म्हणाला की काही फळ्या पुरत्या वाळायच्या आधीच आणल्या आहेत, आणि वरून सांधे नीट भरले असते तर खाली पाणी आलं असतं कशाला?

त्या दिवसापासून मला त्या घरात कोणाचाच भरवसा वाटेना. ज्याने घर बांधायचं त्याच्यावर संशय, ज्याने छत घातलं त्याच्यावर संशय. छताकडे बघायचंच मी टाळायला लागले, तरी डोळ्यांपुढे तेच यायचं. फटीतून पाणी मुरतंय, आत सळ्या गंजतायत, दहा वर्षांनी हे आपल्या डोक्यावर येणार, असं दिसायचं.

त्या अर्धवट घरात एक जोडपं राहत होतं. गवंड्याने ठेवलेलं. दिवाळीनंतर भात झोडून झालं की जव्हारकडच्या डोंगरातली माणसं कामाला खाली उतरत, त्यातलीच ही दोघं. नवरा गवंड्याच्या हाताखाली माल कालवायचा. बायको पाणी आणायची, विटा वाहायची. तिला काही महिन्यांची मुलगी होती. मागच्या खोलीत त्यांनी चूल मांडली होती आणि पंख्यासाठी छताला सोडलेल्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. राहायला जागा मिळाली, त्याबदल्यात त्यांनी सिमेंटच्या गोणींवर लक्ष ठेवायचं आणि छतावरचा कोबा रोज दोन वेळा भिजवायचा. कोब्यावर मातीची आळी करून त्यात पाणी साठवलं होतं. शेजारच्या विहिरीवरून ती हंडा घेऊन बांबूच्या शिडीने वर चढायची आणि आळी भरायची. भिजवण्याचं मीच तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. कोबा सुकला तर तडे जातील, एकही दिवस चुकवू नकोस. ती नुसती मान हलवायची. मी गेले की तिचं बोलणं बंद व्हायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी बाहेर असताना तिचा नवऱ्याशी चाललेला बोलण्याचा आवाज यायचा. मी उंबऱ्याशी आले की तो थांबायचा.

सिमेंटची एक गोण उघडलेली होती. तिचं तोंड मी स्वतः सुतळीने बांधलं होतं. माझी गाठ वेगळी असते; कंपनीत नमुन्याच्या पिशव्या बांधून हाताला बसलेली. चार दिवसांनी गेले तर गोणीला दुसरीच गाठ. मी गोण हलवून बघितली. हलकी लागली. त्या आठवड्यात गवंडी बाहेरच्या विटा रचत होता, त्याच्यासाठी वेगळी गोण काढून दिली होती. म्हणजे या गोणीला कोणी हात लावायचं कारण नव्हतं.

मी गवंड्याला काही विचारलं नाही. चोर कोण हे ठरल्याशिवाय चोरी बोलून दाखवायची नाही, एवढं मला कंपनीत शिकायला मिळालं होतं. मी वेळ बदलून जायला लागले. कधी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीची सायकल घेऊन, कधी संध्याकाळी न जाता सकाळी कामावर जायच्या आधी. रस्त्याच्या वळणावर एक चहावाला टपरीपुढे नवा ओटा करत होता. तो ओटा मी रोज निरखायची. आज किती पुढे गेला, सिमेंटचा रंग कोणता, आमच्याच मालाचा आहे का. एकदा थांबून त्याला विचारलंही, सिमेंट कुठून मिळालं? तो म्हणाला, मेव्हण्याकडून. मला ते खोटं वाटलं.

एका सकाळी ती बाई चुलीपाशी बसली होती. तिच्या बोटांवर, नखांच्या कडांना राखाडी पापुद्रे होते. तिने हात लुगड्याखाली घेतले. मी ते बघितलं आणि ते मला पुरेसं वाटलं.

दुसरी गोष्ट मिस्टरांची. त्यांची पहिली पाळी साडेतीनला सुटायची आणि ते साडेचारला घरी यायचे. त्या दिवसांत सहा वाजायला लागले. विचारलं तर म्हणायचे, दांडीच्या एका सोबत्याकडे गेलो होतो. दांडी म्हणजे किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. त्यांच्या सायकलच्या कॅरियरला तपकिरी तंतू अडकलेले असायचे आणि सुक्या मासळीचा वास यायचा. किनाऱ्याला जाऊन माणूस काय करतो? ताडी पितो, असं मी धरून चालले. त्यांच्या तोंडाला वास येत नव्हता, तरी मी तसं धरून चालले. वास येऊ नये म्हणून काही खात असतील, असंही मनात आलं.

मग एका सोमवारी संध्याकाळी मी मागच्या खोलीत गेले आणि वर बघितलं. रेघा नव्हत्या. मागच्या खोलीतले सगळे सांधे भरलेले होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधल्या खोलीतलेही निम्मे. फळ्यांच्या पातळीला येतील असे दाबून बसवलेले, कुठे ओघळ नाही, कुठे खड्डा नाही. पुढच्या खोलीत मात्र सगळं पूर्वीसारखंच होतं.

एखाद्याला आनंद झाला असता. माझा संशय वाढला. जे काम दोन माणसं एक महिना एकमेकांवर ढकलत होती, ते न सांगता, न मागता कोणी का करेल? झाकायचं काहीतरी असल्याशिवाय कोणी असं करत नाही.

गवंड्याला विचारलं. तो खोलीत आला, वर बघितलं, आणि शपथेवर नाही म्हणाला. फळीवाल्याकडे गेले. तोही नाही म्हणाला, आणि मग हळूच म्हणाला की बहनजी, जिसने चुपचाप भरा है, कुछ छुपाने के लिए भरा है. खुलवा के देखो. परत येऊन गवंड्याला हे सांगितलं तर त्यानेही तेच म्हटलं. शेठच्या माणसांनी येऊन भरलं असणार. आत फळीचा काठ फुटलेला असेल, तो लपवला असेल. फोडून बघायला हवं. महिनाभरात पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं होतं.

मी म्हणाले, फोडा.

मिस्टरांना मी विचारलं नाही. ते पाळीवर होते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते. गवंड्याने लाकडी घोडी आणली, छिन्नी-हातोडा घेतला आणि मागच्या खोलीतल्या पहिल्या सांध्यावर छिन्नी टेकवली. ती बाई मुलीला काखेत घेऊन दाराशी उभी होती. तिचा नवरा तिच्या मागे. मी त्यांना भांडी हलवायला सांगायचं विसरले. पहिला तुकडा त्यांच्या चुलीवर पडला, दुसरा गोधडीवर. मुलगी दचकून रडायला लागली. बाईने तिला पदरात घेतलं आणि तिथेच उभी राहिली.

सांधा सहज निघत नव्हता. हातोडा घणासारखा मारावा लागत होता. एक झाला, दुसरा झाला. फळ्यांचे काठ साफ निघाले, कुठे फुटलेले नव्हते. चौथा सांधा अर्धा फोडून झाल्यावर गवंडी थांबला. तोवर तुकड्यांना चिकटून जे काही खाली पडत होतं, ते या वेळी त्याने आतून ओढून काढलं. घट्ट पीळ दिलेला काथ्या होता. आधी फटीत काथ्या ठासून बसवला होता आणि मग त्यावर सिमेंट दाबलं होतं. गवंडी खाली उतरला. एक मोठा तुकडा उचलून त्याने उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हा गवंड्याचा हात नाय, वहिनी," तो म्हणाला. "थापी लागलीच नाय याला. बोटांनी भरलाय."

तुकडा त्याने माझ्या हातात दिला. त्यावर चार बोटं ओढल्याच्या खुणा होत्या, एकाशेजारी एक, बारीक बोटांच्या. मी तपासनीस होते. मी खालून नीट बघितलं होतं आणि मला त्या दिसल्या नव्हत्या.

मी वळले. बाई आता माझ्याकडे बघत होती.

"पानी गळत होता, बाय," ती म्हणाली. "पोरीवर. तुमी सांगितला कोबा भिजवा. मी वर भरायची, न् तोच पानी खाली आमच्यावर यायचा. झोळी हलवायला दुसरी कडी नाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? तुमचा तिघांचा बोलना ऐकला ना मी. तो काम कोणाचाच नाय."

गवंड्याने मान खाली घातली. मी मात्र घातली नाही. आज लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या तोंडून पुढचा प्रश्न सिमेंटचाच निघाला. तिने लपवलं नाही. उघडी गोण होती, तिच्यातून घेतलं म्हणाली. तुमच्याच घरात हाय, वर हाय. आणि तिने वर बघितलं. मी विचारलं, काथ्या कुठून आणलास? डोंगरात नारळ नाही. तिच्या नवऱ्याने उत्तर दिलं.

"दादांनी आनून दिला," तो म्हणाला.

दादा म्हणजे आमचे मिस्टर.

त्या संध्याकाळी मिस्टर घरी आले तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलं होतं. ते परस्पर तिकडे जाऊन आले होते आणि फोडलेला मलबा गोळा करून बाहेर टाकून आले होते. त्यांच्या बाह्यांवर धूळ होती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातपाय धुतले, बसले आणि मी विचारलं तेव्हा सांगितलं. एकदा पाळी सुटल्यावर ते घरावर गेले होते, तेव्हा ती बाई झोळीवर पत्र्याचा तुकडा धरून उभी होती. पाणी त्या पत्र्यावर टपटपत होतं. तिनेच विचारलं, आमी भरू का? यांनी हो म्हटलं. दांडीच्या सोबत्याकडे होडीचे जुने काथ्याचे दोर पडून होते. ते आणून, उसवून हे रोज थोडा थोडा काथ्या तिला देत होते. गोणीची गाठ त्यांनीच सोडून दिली होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? महिनाभर मी वेडी होऊन फिरत होते.

"सांगितलं असतं तर तू आधी सिमेंट मोजलं असतंस," ते म्हणाले.

एवढंच. ते खरं होतं. आणि तरीही मला राग आला. ज्या माणसावर मी उगाच संशय घेत होते, तो खरोखर काहीतरी लपवत होता. माझा संशय चुकीच्या गोष्टीचा होता, पण तो अगदीच पोकळ नव्हता. हे मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, तू तशी आहेस म्हणून लपवलं. मी म्हणाले, तुम्ही लपवता म्हणून मी तशी आहे. त्या बोलण्याला शेवट नव्हता. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण रजा घेतली. कशासाठी, ते मला नीट माहीत नव्हतं. माफी मागायची असं काहीतरी मनात होतं. गेले तर गवंडी माझ्या आधी आला होता. घमेल्यात माल कालवून तयार होता.

"मी फोडला, मीच भरनार," तो म्हणाला.

पण बाईने आधीच एका सांध्यात काथ्या भरायला घेतला होता. घोडीवर उभी, मान मागे टाकलेली, आणि बोटांनी काथ्या वर ठासत होती. गवंडी तिच्याशेजारी दुसऱ्या सांध्याला लागला. तो थापीने माल फेकायचा, निम्मा खाली पडायचा. ती चिमटीत घेऊन दाबायची, तिचा पडत नव्हता. थोड्या वेळाने त्याने थापी खाली ठेवली आणि तोही बोटांनी भरायला लागला.

मी साडीचा पदर खोचला आणि तिला घमेलं वर करून द्यायला उभी राहिले. ती म्हणाली, पानी जास्त झाला, बाय, थोडा सिमेंट घाला. मी घातलं. मग म्हणाली, आता बरा हाय. मी बोलायला सुरुवात केली की कालचं जे झालं ते, माझं चुकलंच. तिने खाली बघितलं नाही.

"घमेला सरळ धरा," ती म्हणाली. "डोल्यात जायल तुमच्या."

मी सरळ धरलं. दुपारपर्यंत आम्ही मागची खोली संपवली. आमच्या घराच्या छताचं एवढं एकच काम मी माझ्या हाताने केलं, तेही घमेलं धरण्याचं. संध्याकाळी माझ्या मानेला इतकी रग लागली होती की मला उशीवर डोकं टेकवेना. ती रोज हे करत होती, हंडे वाहून झाल्यावर.

पुढच्या खोलीतले सांधे गवंड्याने कागद, करार काही न काढता स्वतःहून भरले. फळीवाल्याला निरोप धाडला होता. तो आला नाही. कोबा वरून उकरून पुन्हा भरावा लागला, तोही गवंड्यानेच केला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वरचे सांधे अर्धेच भरलेले होते. हे त्याने मला वर नेऊन दाखवलं. माझा फळीवाल्यावरचा संशय तेवढा खरा ठरला. पण त्याचा मला म्हणावा तसा आनंद झाला नाही.

होळीच्या आधी डोंगरातली माणसं गावी परततात. तीही दोघं निघाली. मी तिच्यासाठी एक साडी नेली होती. तिने ती घेतली, घडीवर हात फिरवला, आणि मग विचारलं की सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आहेत, त्या मिळतील का. तागाच्या गोण्या होत्या. पावसात घराच्या कुडाला आतून लावायला हव्या होत्या तिला. मी म्हणाले, सगळ्या घेऊन जा. तिच्या नवऱ्याने त्यांचा गठ्ठा बांधला. तिने कडीची झोळी सोडली, घडी करून मुलीच्या अंगाखाली घेतली, आणि दोघं नवापूर रस्त्याने एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. मिस्टर त्यांच्याबरोबर गठ्ठा धरायला गेले. मी दारात उभी राहिले. बाईने एकदा मागे वळून बघितलं. घराकडे की माझ्याकडे, ते मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी मी गवंड्याजवळ त्यांची चौकशी केली. तो म्हणाला, या वर्षी वीटभट्टीवर गेलेत, वसईच्या बाजूला. त्यानंतरच्या वर्षी त्यालाही माहीत नव्हतं.

आम्ही अक्षय तृतीयेला राहायला गेलो. मिस्टर पुढेही काही गोष्टी माझ्यापासून लपवत राहिले, लहानसहान, कोणाला उसनं दिलेलं छत्री-भांडं, कोणाच्या मुलासाठी टाकलेला शब्द. मीही त्या शोधून काढत राहिले. फक्त सापडल्यावर लगेच बोलायचं नाही, एवढं मी त्यानंतर शिकले. पूर्ण नाही, थोडंसं.

नव्वदच्या सुमाराला बोईसरमध्ये सगळीकडे बांधकामं सुरू झाली. आमचा गवंडी तोवर थकला होता, हाताखाली चार गवंडी ठेवून होता. आमच्या गल्लीत काम असलं की तो मुद्दाम चहाला यायचा. एकदा त्याच्या एका गवंड्याने मला पाहून लगबगीने पत्र्याखाली माल झाकला. मी विचारलं, हा असा का घाबरतो? शेजारीण हसली. म्हणाली, तुमच्या गवंड्याने सगळ्यांना सांगून ठेवलंय, या वहिनींसमोर काम चोख ठेवा, त्या चांगलं छतसुद्धा फोडून बघतात.

मी गवंड्याकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता.

"खोटा हाय का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले, आणि त्याच्या पुढ्यात खारी ठेवली.